शिखराला निधी, फाट्याला भार

एप्रिल 2025 मध्ये खासदार सुप्रिया सुळे पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसल्या. मागणी साधी होती: नसरापूरच्या बनेश्वर मंदिराकडे जाणारा रस्ता दुरुस्त करा. हा रस्ता आहे जेमतेम दीड किलोमीटरचा. त्यानंतर महिनाही उलटला नाही, तोच 6 मे रोजी चौंडीला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि तीर्थक्षेत्रे व स्मृतिस्थळ अशा सात विकास आराखड्यांना मिळून सुमारे 5,503 कोटी रुपये मंजूर झाले. त्यांत तुळजाभवानीसाठी 1,865 कोटी, कोल्हापूरच्या महालक्ष्मीसाठी 1,445 कोटी, माहूरगडासाठी 829 कोटी. तेव्हा सरकारकडे तीर्थांसाठी पैसा नाही, असे म्हणता येत नाही. तो कोणत्या जागेपर्यंत पोहोचतो आणि कुठे थांबतो, हे तपासायला हवे.

ते तपासायला कापूरहोळसारखी जागा नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नसरापूर मागे पडले की हे गाव लागते. पूर्वेला वळले की केतकावळ्याचा बालाजी, नारायणपूरचे दत्तस्थान, नारायणेश्वराचे यादवकालीन मंदिर आणि पुरंदर. पश्चिमेला भोर, रायरेश्वर आणि आंबाडे घाटातून मांढरदेवची काळूबाई. इतक्या देवस्थानांची वाट ज्या गावावरून जाते, ते गाव स्वतः मात्र कोणत्याही देवस्थानाचे नाही. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे याच गावच्या. पण पुरंदरावर राजांच्या जन्मस्थळी निघालेल्या किती गाड्या त्यांच्या नावाने इथे क्षणभर थांबत असतील?

दत्तजयंतीला किंवा पौष पौर्णिमेच्या आसपास या फाट्यावर उभे राहिले की यात्रेचा भार म्हणजे काय ते कळते. एसटीतून उतरलेल्या बायाबापड्या लेकराबाळांसह पुढच्या गाडीची वाट पाहत रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात. बाईला स्वच्छतागृह हवे असेल, तर एखाद्या हॉटेलवाल्याला विनवायचे. हॉटेलवाल्याने नाही म्हटले, तर पुढच्या मुक्कामापर्यंत कळ सोसायची. यात्रा सरली की पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि द्रोण उरतात, ते उचलायचे ग्रामपंचायतीने. दानपेटी असते मंदिरात, निधी जातो मंदिर परिसरात. कचरा मात्र वाटेवरच्या गावाच्या वाट्याला येतो.

याला कारण आपली योजनांची घडणच आहे. केंद्राची ‘प्रसाद’ योजना असो की राज्याचा ग्रामीण तीर्थक्षेत्र विकास कार्यक्रम, मंजुरी मिळते ती क्षेत्राच्या नावाने. ‘ब’ वर्ग, ‘क’ वर्ग ठरतो तो तिथे किती भाविक जातात यावर. ते भाविक कोणत्या गावांतून जातात, याची नोंद त्या वर्गवारीत नसते. त्यामुळे कमान, सभामंडप, सुशोभीकरण, पेव्हर ब्लॉक आणि भक्तनिवास यांना वाट मोकळी होते. कमानीवर नाव कोरता येते, उद्घाटनाची फीत कापता येते. गटाराला फीत नसते.

याची किंमत किती भयंकर असू शकते, हे या भागाने पाहिले आहे. 25 जानेवारी 2005 रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, मांढरदेवच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक गेले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुतर्फा दुकानांनी आवळलेली अरुंद वाट आणि त्यातच लागलेली आग. न्यायमूर्ती राजन कोचर आयोगाने त्याची चौकशी केली. ती माणसे गेली ती गाभाऱ्यात नव्हे, वाटेवर. शिखराला सोन्याचा मुलामा असता, तरी त्यांतला एकही जीव वाचला नसता. वाचवले असते ते रुंद वाटेने, उतरायच्या वेगळ्या मार्गाने आणि गर्दी वेळीच रोखणाऱ्या व्यवस्थेने.

सरकारने देवधर्मावर पैसा का खर्च करावा, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायची सक्ती नको, असे संविधानाचे कलम 27 सांगते. पण हाच आक्षेप वाटेच्या बाजूने बोलतो. केतकावळ्याचे बालाजी मंदिर एका खासगी उद्योगसमूहाने बांधले. देऊळ उभारायला भक्त आणि देणगीदार समर्थ आहेत. रस्ता, पाणी, स्वच्छतागृह, बसथांबा आणि दवाखाना मात्र भाविकाला लागतात तसेच शाळेत जाणाऱ्या मुलीला आणि बाजाराला निघालेल्या शेतकऱ्यालाही लागतात. सरकारी पैशाची खरी जागा तीच.

ज्या चौंडीत ते 5,503 कोटी मंजूर झाले, ते अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. त्यांनी काशी विश्वेश्वराचे मंदिर उभारले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या कामात घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांचा वाटा फार मोठा होता. यात्रेकरू दमतो, तहानतो, आजारी पडतो, त्याला रात्री निवारा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने घेतलेल्या निर्णयांत ही दृष्टीही घ्यायला हवी होती.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. प्रत्येक तीर्थक्षेत्र आराखड्यात वाटेवरच्या गावांसाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवावा. आराखडा आखताना फाट्यावरच्या ग्रामपंचायतीला बैठकीत बसवावे. तिथे एसटी महामंडळ, आरोग्य आणि पोलीस खातेही असावे. बांधकामाच्या रकमेबरोबरच दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी, कारण कुलूप लागलेले स्वच्छतागृह बांधलेच नसल्यासारखे असते. 73 व्या घटनादुरुस्तीने सामुदायिक मालमत्तेची देखभाल पंचायतींच्या विषयांत घातली, पण त्यासाठी लागणारा पैसा यात्रेच्या गावांपर्यंत नेण्याचे काम राज्याचे आहे.

मंदिराचा आराखडा मंजुरीला येईल, तेव्हा आमदारांनी आणि जिल्हा नियोजन समितीने पहिला प्रश्न विचारावा: घरून निघालेली म्हातारी देवापर्यंत जाऊन सुखरूप परत येईल, एवढी सोय यात आहे का? उत्तर नाही असेल, तर तो आराखडा अपुरा आहे आणि तो परत पाठवला पाहिजे.