ठेव आणि शेत

(सामान्य काळातील सतरावा रविवार. मत्तय १३:४४)



आपल्या कोकणात असे गाव सापडणार नाही, जिथे हंड्याची एक तरी गोष्ट सांगितली जात नाही. कुणाच्या तरी पणजोबांनी घरामागे फणसाखाली मोहरांचा हंडा पुरला, तो कुणाच्या तरी स्वप्नात आला, आणि खणायला गेलेल्याला फक्त कोळसे मिळाले. लहानपणी या गोष्टी ऐकतच आपण झोपलो. त्यामुळे आजच्या शुभवर्तमानातील शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला आपल्याला परका वाटत नाही. प्रभू येशूच्या काळी सामान्य माणसाला बँक नव्हती. लढाया आणि लूटमार मात्र होती. म्हणून लोक मडक्यात नाणी भरून जमिनीत पुरून ठेवत. पुरणारा अचानक गेला की ते मडके तसेच राहून जाई आणि पुढे कधीतरी एखाद्या राबणाऱ्या माणसाला ते सापडे. (आपल्या देशात यासाठी १८७८ पासून कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तेव्हा कुणाला हंडा सापडलाच तर आधी तिकडे जा, मग आमच्याकडे या!)

हा दाखला आम्ही अनेकदा वाचला आणि त्यावर अनेकदा बोललो. पण त्यातील एक शब्द आमच्या नजरेतून सुटत होता. तो या मे महिन्यात लहान मुलांच्या एका खेळामुळे लक्षात आला.

आपल्या धर्मग्रामातील एका घरी सुट्टीत कॅनडाहून पाहुणे आले होते. त्यांच्या मुलांनी हा खेळ आणला. त्याचे नाव जिओकॅशिंग. कुणीतरी झाकणाची एक छोटी पेटी एखाद्या जागी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतो. बाकीचे लोक मोबाईल हातात घेऊन ती शोधत जातात. पेटीत एक वही असते, पेन्सिल असते आणि गोटी, बिल्ला, खेळण्यातील मोटार अशा दोन-चार किरकोळ वस्तू असतात. पेटी सापडली की वहीत नाव आणि तारीख लिहायची. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. आणि पेटी घरी न्यायची नाही, जिथे होती तिथेच पुन्हा लपवायची.

या खेळाचा जन्म मे २००० मधला. जीपीएस उपग्रह हे अमेरिकेच्या सैन्याचे. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात ते मुद्दाम चूक मिसळत, त्यामुळे यंत्राने दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे महिन्याच्या आरंभी त्यांनी ही चूक बंद केली आणि ३ तारखेला ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक काळी बादली ठेवून तिच्या जागेचे आकडे जाहीर केले. बादलीत वही, पुस्तके, एक बेचकी आणि घेवड्याच्या उसळीचा बंद डबा होता. तीन दिवसांच्या आत ती सापडली. आज जगात अशा तीस लाखांहून अधिक पेट्या आहेत. विचार करा, घेवड्याच्या उसळीसाठी कुणी डोंगर चढत नाही. तरी माणसे जातात, मुलाबाळांना घेऊन जातात, आणि पेटी सापडली की वेड्यासारखी आनंदित होतात.

तर त्या घरची गोष्ट. घरातील कर्ता मुलगा बोटीवर असतो. वर्षातून दोन महिने येतो. त्याचा मुलगा सातवीत, बारा वर्षांचा. आपल्या किनाऱ्यावर अशी घरे किती आहेत हे आम्ही सांगायला नको. बाप पैसे पाठवतो, घरावर स्लॅब पडतो, मुलाच्या हातात मोबाईल येतो, आणि सुट्टीवर आलेल्या बापाशी काय बोलायचे हे मुलाला कळत नाही. बापालाही कळत नाही. बारा वर्षांच्या येशूला मरिया आणि योसेफ तीन दिवस शोधत होते. आपल्याकडे बारा वर्षांचे मूल शेजारच्या खोलीत बसलेले असते, म्हणून ते हरवले आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पाहुण्या मुलांसह सगळे आधी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेले. पेटी शोधायला नव्हे. किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे असे काही लपवायचे नसते. पण होडीत बसल्या बसल्या मुलांनी एक पैज लावली, की किल्ल्याचा दरवाजा आधी कुणाला दिसतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, इतर अकरा किल्ल्यांबरोबर त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. होडी मालवणच्या धक्क्यावरून सुटते तेव्हा समोर नुसता तट दिसतो, दरवाजा कुठेच नाही. अगदी जवळ जाईपर्यंत नाही. मग दोन बुरुजांच्या मधून वाट वळते आणि दरवाजा समोर उभा राहतो. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी. चारी बाजूंना खारा समुद्र आणि विहिरीत गोडे पाणी. पैज कुणीच जिंकले नाही. पण त्या मुलाने बापाला बऱ्याच दिवसांनी आपणहून एक प्रश्न विचारला: तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्हाला दरवाजा दिसला होता का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले झोपलेली असताना बापाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, त्यात वही आणि काही वस्तू घातल्या, आणि घरामागच्या वडिलोपार्जित जमिनीत कुठेतरी तो लपवला. मोबाईलवर आकडे टिपून घेतले.

या जमिनीविषयी थोडे सांगायला हवे. सातबारावर सात नावे आहेत. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, त्याच्याही आधीपासून पर्यटनामुळे इकडच्या जमिनींना भाव आला आहे. गिऱ्हाईक दारात येते. भावंडांनी विकायचे ठरवत आणले होते आणि बापाची ही सुट्टी मुख्यतः त्यासाठीच होती. घरात म्हातारी आई आहे. तिला कुणी विचारले नव्हते असे नाही. विचारले होते, पण उत्तर ऐकायला कुणी थांबले नव्हते.

आम्ही त्या दिवशी घर आशीर्वादित करायला गेलो होतो, म्हणून पुढचे डोळ्यांनी पाहिले. मुलांनी आकडे घेतले आणि धावली. मोबाईलने त्यांना काजूच्या झाडांत नेले आणि तिथे गोल गोल फिरवले. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांपैकी निदान चार दिसल्याशिवाय मोबाईलला आपली जागा नीट कळत नाही. (शुभवर्तमानेही चारच, पण हा योगायोग समजावा.) दाट झाडांखाली आणि कातळाच्या आडोशाला संदेश अडतात, उसळी घेतात, आकडे सरकतात. तासाभराने मुले रडकुंडीला आली. बाप हसत उठला, म्हणाला, मी दाखवतो. आणि त्यालाही डबा सापडेना. गेल्या वीस वर्षांत त्या जमिनीवर तो कधी तासभर थांबला नव्हता. त्याला सगळे चिरे सारखे दिसत होते.

खळ्यात बसलेली म्हातारी तिथूनच ओरडली, "अरे, थंय खंय शोधतास? फणसाच्या मुळात बघ!" तिने त्याला सकाळी जाताना पाहिले होते. पण फणस कुठला? तिथे तीन फणस. मग शोधाशोध सुरू झाली आणि डबा सोडून बाकी सगळे सापडत गेले. पडलेला गडगा सापडला. बाप पाठीला दोन असोले नारळ बांधून ज्या विहिरीत पोहायला शिकला, ती विहीर सापडली. वेलींखाली बुडालेला लहान खुरीस सापडला, जिथे मे महिन्यात सगळी वाडी जमून प्रार्थना म्हणत असे. बापाच्या कपाळावर एक व्रण आहे. मुलाची इतकी वर्षे समजूत होती की तो बोटीवर झाला. तो दुसऱ्या फणसावरून पडल्याचा निघाला. मुलगा हसू लागला, बापही हसू लागला.

आणि मग त्या मुलाने विचारले, "पपा, ही जमीन विकूची आसा, तर डबो हयसर कित्याक लपवलात?"

आम्ही तिथे उभे होतो. कुणी काही बोलले नाही. आम्हीही नाही.

आता शुभवर्तमानाकडे वळू. त्या माणसाला ठेव सापडली. मग त्याने काय केले? आपण पटकन म्हणू, घेतली. नाही. मत्तय सांगतो की त्याने ती पुन्हा लपवली, आनंदाने जाऊन आपले सर्व काही विकले, आणि विकत घेतले ते शेत. हाच तो शब्द. त्याने ठेव विकत घेतली नाही, शेत विकत घेतले.

शेत घेणे म्हणजे काय हे शेत असलेल्यालाच कळते. ठेव एका कोपऱ्यात हातभर जागेत आहे. बाकी सगळे दगड, वारूळ, काटे, सापाचे बीळ, बांधावरून भांडणारा शेजारी, भरायचा सारा. ठेव हवी तर हे सर्व आले. यातले वगळून नुसती ठेव कुणी देत नाही. बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला शेत हवे असते, ठेवीचे त्याला ठाऊकच नसते. आपले उलटे आहे. आपल्याला ठेव हवी असते आणि शेत नको असते. मुलाचे प्रेम हवे, पण त्याचा अभ्यास, त्याचे रुसणे, त्याचे बारा वर्षांचे गप्प बसणे नको. आईचा आशीर्वाद हवा, रात्रीचा तिचा खोकला नको. लग्नाचा आनंद हवा, पंधराव्या वर्षीचा तोच तो संसार नको. मिस्सेतील शांती हवी, पण शेजारच्या बाकावर बसलेला, आपल्याशी कोर्टात भांडणारा भाऊ नको. आणि आम्ही धर्मगुरू तरी कुठे वेगळे? सणाच्या दिवशी भरून वाहणारे चर्च आम्हालाही हवे असते. जुलैच्या पावसात आठवड्याच्या मिस्सेला आलेल्या पाच भिजलेल्या माणसांसमोर आमचा आवाज खाली येतो, हे कबूल केले पाहिजे.

बोटीवर जाणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्या पगारावर या किनाऱ्यावरच्या कित्येक चुली पेटतात, आणि समुद्रात एकट्याने काढलेली नाताळची रात्र काय असते हे इथे बसून बोलणे सोपे आहे. जमीन विकणे हेही पाप नाही. कधी आजारपणात, कधी शिक्षणासाठी ती विकावीच लागते. दाखल्यातील माणसानेही स्वतःचे सगळे विकलेच ना? प्रश्न एवढाच की आपण काय देऊन काय घेत आहोत हे आपल्याला ठाऊक आहे का. त्याला ठाऊक होते, म्हणून तो रडत नाही, आनंदाने विकतो.

संत इरेनियस यांनी ही ठेव म्हणजे पवित्र शास्त्रात दडलेला ख्रिस्त असे म्हटले आहे. आम्हाला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. मत्तयच्या याच अध्यायात, निदणाच्या दाखल्याचा अर्थ सांगताना, प्रभू स्वतःच म्हणतात की शेत म्हणजे जग. मग हे शेत दगडधोंड्यांसह विकत घेणारा पहिला कोण, आणि त्यासाठी त्याने काय काय दिले, हे आपण दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेवर पाहतो. त्याने आपल्यातील चांगला कोपरा तेवढा निवडून घेतला नाही.

जुलैचा चौथा रविवार हा आजी-आजोबांचा दिवस म्हणून पाळावा असे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ठरवले. तेव्हा आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा, आणि तिला जमिनीविषयी, विहिरीविषयी, खुरिसाविषयी विचारा. मुलांना हा खेळ खेळावासा वाटला तर मरियेच्या जन्माच्या सणानंतर, पाऊस ओसरला की, आपापल्या परसात खेळा. दुसऱ्याच्या जमिनीत न विचारता जाऊ नका. किनाऱ्यावरची वाळू उकरू नका, तिथे कासवे अंडी घालतात. आणि समुद्रात प्लास्टिक जाऊ देऊ नका.

डबा त्या दिवशी अखेर तिसऱ्या फणसाच्या मुळात सापडला. संध्याकाळ झाली होती. मुलांनी वहीत नावे लिहिली, म्हातारीनेही चष्मा मागवून आपले नाव लिहिले, आणि बापाने खाली तारीख घातली. तो जूनमध्ये बोटीवर परत गेला. जमिनीचे अजून काही ठरलेले नाही. भावंडांची बोलणी चालू आहेत आणि गिऱ्हाईकही येऊन गेले असे ऐकतो. गेल्या रविवारी मुलगा मिस्सेनंतर भेटला. सांगत होता, वही भिजू नये म्हणून आजीने डबा दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून दुसरीकडे ठेवला आहे. कुठे, ते दोघांनाच ठाऊक आहे. पपांना फोनवर सांगायचे नाही असे ठरले आहे.