तुमचं नेटिव्ह कुठलं?

गेल्या उन्हाळ्यात मी एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करत होते. लेख साधाच होता. इंग्लंडमधल्या खेड्याजवळच्या एका छोट्या रानात लेखक सकाळी जातो, ओक आणि हेझलच्या झाडांखाली तासभर बसतो, पाखरं ऐकतो आणि निवांत होऊन घरी परततो. दोन दिवसांचं काम. पण पहिल्याच परिच्छेदात ‘नेटिव्ह वुडलँड’ असे दोन शब्द आले आणि मी तिथंच चार दिवस अडून बसले.

‘वुडलँड’चं काहीतरी करता येतं. जंगल म्हटलं की वाघ आठवतो, वन म्हटलं की एक तर रामायण नाही तर सरकारी खातं. त्यापेक्षा रान बरं. खरी अडचण ‘नेटिव्ह’ची. देशी म्हणावं तर गाय, कोंबडी आणि दारू डोळ्यांसमोर येते. स्थानिक हा शब्द निवडणुकीच्या भाषणांनी झिजवून टाकला आहे. मूळचं म्हणावं, तर मूळ म्हणजे कधीपासूनचं? क्षणभर ‘देवराई’ लिहायचा मोह झाला, कारण जुन्या, शांत रानाशी मराठी वाचकाची ओळख तिथूनच आहे. पण देवराई देवाच्या धाकानं टिकलेली असते. तिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नसते. त्या लेखकाच्या रानात देव नव्हता. होता तो एक हिशेब.

हिशेब असा. हिमयुग ओसरल्यावर समुद्राची पातळी वाढत गेली आणि साधारण आठ हजार वर्षांपूर्वी ब्रिटन युरोपपासून तुटून बेट झालं. तोवर वाऱ्यावरून, पाखरांच्या पोटातून, आपली आपण जी झाडं तिथं पोचली ती ढोबळमानानं नेटिव्ह. माणसानं नेऊन लावलेली नेटिव्ह नव्हेत, मग त्याला शेकडो वर्षं का झालेली असेनात. सिकामोर नावाचं झाड तिथं काही शतकं स्वतःच्या बियांनी रुजतं आहे, तरी यादीत ते पाहुणंच आहे. म्हणजे ‘नेटिव्ह’ या शब्दात जागेइतकीच तारीखही आहे. ती तारीख समुद्रानं घालून दिली खरी, पण तीच मानायची हे माणसांनी ठरवलं.

त्यातून मी राहते बंगळुरात. इथं ‘नेटिव्ह’ हे विशेषण नाहीच, ते नाम आहे. रिक्षावाला, शेजारीण, बँकेतला कारकून, कुणीही पाच मिनिटांच्या ओळखीवर विचारतो, ‘तुमचं नेटिव्ह कुठलं?’ मी ‘सांगली’ म्हणते आणि विषय संपतो. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, इथंच जन्मली, इथंच शिकते. ती ‘बेंगळूरु’ म्हणते तेव्हा विचारणारा हसतो आणि प्रश्न पुन्हा, जरा सावकाश विचारतो, जणू तिला तो कळलाच नाही: ‘अल्ला, नेटिव्ह?’ त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. पण तिसऱ्यांदा विचारल्यावर ती माझ्याकडे बघते, आणि मी तिच्या वतीनं ‘सांगली’ म्हणून टाकते. ज्या गावी ती वर्षातून आठ दिवस राहते, तिथं मी तिला नेऊन उभी करते.

चौथ्या दिवशी मी कागद बाजूला ठेवले आणि आम्ही दोघी नल्लूरला गेलो. बंगळूरच्या उत्तरेला, देवनहळ्ळीजवळ, ही चिंचांची बाग आहे. बाग म्हणायचं ते सवयीनं. ५४ एकरांत जवळपास ३०० जुनी झाडं, मधे मोडकळीला आलेलं देऊळ. त्यांतली कित्येक झाडं काही शतकांची आहेत. गावातले लोक बागेचा इतिहास चोळ राजांपर्यंत नेतात. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला आणि त्याखालचं देशातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून २००७ साली नल्लूर जाहीर झालं. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून विमानं जातात. ती गेली की मात्र बागेत अशी शांतता पसरते की वाळक्या चिंचा गळून पडल्याचा आवाज येतो. खोडं पोकळ झालेली, पीळ पडलेली. एका पोकळीत आम्ही दोघी सहज उभ्या राहिलो. इंग्लंडमधल्या लेखकाला जे मिळालं होतं ते मलाही मिळालं. मनात म्हटलं, सापडलं आपलं नेटिव्ह वुडलँड.

पण चिंच इथली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचं मूळ आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशात धरतात. ती इकडे इतकी आधी आली की संस्कृतात तिला चिञ्चा, तिंतिडी अशी नावं मिळाली आणि अरबांना ती इथलीच वाटली. त्यांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हटलं, हिंदुस्थानी खजूर. त्यावरून युरोपात ‘टॅमरिंड’ झालं, आणि १७५३ साली लिनियसनं शास्त्रीय नाव देताना त्यापुढे ‘इंडिका’ जोडलं. आफ्रिकेतल्या झाडाच्या नावात हिंदुस्थान दोनदा येतो. देशाचा पहिला वारसा म्हणून जी झाडं आपण निवडली, ती ब्रिटनच्या नियमानं यादीबाहेर गेली असती.

इथं थांबलं तर निष्कर्ष सोपा आहे. सगळे कुठून ना कुठून आलेले, पुरेसा काळ गेला की सगळे इथलेच. मिरचीची गोष्ट सांगायची, बटाट्याची सांगायची आणि हात झटकायचे. अनुवादकांना हा निष्कर्ष फार आवडतो, कारण आमचा धंदाच परक्याला घरात घेण्याचा. पण नल्लूरहून नंदी हिल्स लांब नाही आणि त्या बाजूला आणखी एक पाहुणा राहतो. नीलगिरी, म्हणजे युकॅलिप्टस. टिपू सुलतानाच्या काळात ऑस्ट्रेलियातलं हे झाड नंदीवर लावलं गेलं असं सांगतात. पुढे विसाव्या शतकात कोलार आणि बंगळूर ग्रामीण भागात त्याच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे: हे झाड जमिनीतलं पाणी ओढतं आणि खाली काही उगवू देत नाही. २०१७ साली कर्नाटक सरकारनं त्याच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. दोनशे वर्षांहून अधिक काळ जाऊनही ते इथलं झालं नाही. रानोमाळ पसरलेल्या लँटानाचंही तेच. शोभेसाठी आणलेलं ते झुडूप; मराठीनं त्याला घाणेरी म्हणून मोकळी झाली. म्हणजे नुसत्या काळानं भागत नाही.

तेव्हा मला वाटलं, ‘नेटिव्ह आहे का’ या एका प्रश्नात दोन प्रश्न लपले आहेत. एक, हे आलं कुठून? दुसरा, हे इथं काय करतं? पहिल्याचं उत्तर इतिहासात शोधायचं असतं. दुसऱ्याचं उत्तर आज, या जमिनीवर, आजूबाजूच्यांना विचारून मिळतं. घोटाळा होतो तो दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर दिल्यानं. बाहेरून आलं म्हणून वाईट, किंवा पूर्वीपासून आहे म्हणून चांगलं, अशी वाक्यं त्यातूनच तयार होतात.

पण दुसरा प्रश्नही वाटतो तितका स्वच्छ नाही. चिंचेखाली तरी कुठं फार काही उगवतं? आपल्याकडे चिंचेखाली झोपू नये म्हणतात, तिच्यावर भूत असतं म्हणतात. तरी आपण तिला घेतलं. तिचा आंबटपणा आमटीत आणि इथल्या सारात गेला, चिंचोके मुलांच्या खेळात गेले, सावली रस्त्यांना मिळाली. म्हणजे चिंच नुसती रुजली नाही. माणसांनीही तिच्यासाठी जागा केली. आणि नीलगिरी तरी स्वतःहून रांगेत उभी राहिली होती का? ऑस्ट्रेलियातल्या आपल्या रानात तिच्या फुलांवर पाखरं जगतात, पानांवर कोआला जगतो. इथं तिला एकटीला, झटपट पैसा देणारं लाकूड म्हणून, मैलोन्मैल लावलं ते माणसांनी. लावणाऱ्याचा दोष आपण झाडाच्या जातीवर टाकला आणि निवांत झालो.

झाडांवरून माणसांकडे येताना पाय जपूनच टाकायला हवा. ‘बांडगूळ’ हा शब्द मी मुंबईत मराठी माणसांच्या तोंडून इतरांबद्दल ऐकला आहे, आणि त्याच अर्थाची वाक्यं बंगळुरात आमच्यासारख्यांबद्दलही ऐकली आहेत. ऐकणाऱ्याच्या जागी उभं राहिलं की उपमेतली खोट लगेच कळते. झाडाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल इतरांना ठरवावं लागतं. माणसाला विचारता येतं. तो उत्तर देतो, चुकतो, बदलतो.

चिकपेटेत एक म्हातारे शिंपी होते, आता नाहीत. त्यांच्या घरी मराठी बोलत. तिच्यात कानडी इतकी मुरलेली होती की पहिल्यांदा मला निम्मी कळलीच नाही. बंगळूर सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. तेव्हापासूनच्या काळात वेगवेगळ्या निमित्तांनी आलेली अशी मराठी घरं या शहरात आहेत. मी नवी होते, उत्साहानं विचारलं, ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’ त्यांनी सुई थांबवली, थोडा विचार केला आणि म्हणाले की, हेच. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. मी पुन्हा विचारलं. माझ्या मुलीला जो प्रश्न आज खुपतो, तो मी त्यांना दोनदा विचारला होता.

आणि दुसरा प्रश्न? तो स्वतःला विचारायची वेळ नल्लूरला आली. मी या शहरात अठरा वर्षं राहते आहे. घर इथं घेतलं, मुलीला इथं वाढवलं. माझ्या नळाला येणारं कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपानं चढवून आणलेलं असतं. तौलनिक साहित्याची एम.ए. आहे, भाषांवर जगते, आणि मला कानडी वाचता येत नव्हतं. भाजीपुरतं, रिक्षापुरतं बोलता येई, तेवढंच. आमच्या इमारतीच्या बांधकामावर उत्तरेतून आलेले मजूर होते. ते सहा महिन्यांत मुकादमाशी कानडीत भांडू लागले. त्यांना गरज होती. मला सवड होती, आणि सवड असलेल्याला गरज पडत नाही. इथलं पाणी ओढून सरळसोट उभं राहणारं झाड कोणतं, हे मला त्या बागेत कुणी सांगायची गरज नव्हती.

हे मी स्वतःबद्दल म्हणू शकते. पण एखाद्यानं त्या मजुरासमोर उभं राहून ‘तू इथं काय करतोस, इथली भाषा येते का’ असं विचारलं, तर तेच शब्द धमकी होतात. हा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा नसतो, स्वतःला चुकवायचा नसतो. चार दिवसांच्या अडकण्यातून माझ्या हाती एवढंच लागलं.

निघता निघता शेळ्या घेऊन आलेली एक आजी भेटली. तिनं मुलीला विचारलं, ‘याव ऊरु?’ कोणतं गाव. मुलगी नेहमीसारखी चाचरली आणि म्हणाली, ‘बेंगळूरु.’ आजी म्हणाली, ‘हौदा?’ आणि शेळीच्या मागे निघून गेली. मुलगी गाडीत बसेपर्यंत हसत होती.

अनुवादात मी शेवटी ‘तिथल्याच झाडांचं रान’ असं लिहिलं. शास्त्राच्या दृष्टीनं ते ढिलं आहे, पण ‘तिथल्याच’ या शब्दात कुणाच्या जन्मतारखेची चौकशी नाही. त्याच आठवड्यात मी पहिलीचं कानडी पुस्तक आणलं. शेहेचाळिसाव्या वर्षी अक्षरं डोळ्यांत लवकर बसत नाहीत. परवा थांब्यावर एका बसची पाटी वाचायला घेतली: दे, व, न, मग ह, मग एक जोडाक्षर. ते ‘ळ्ळी’ आहे हे लक्षात येईपर्यंत बस निघून गेली होती.