आठचं फॅक्टोरियल

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर सी शिकलो. जर्नल मात्र होस्टेलवर, एकाचं बघून सगळ्यांनी उतरवलेलं. फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमखाली मी आउटपुट लिहिलं : ८ चं ४०३२०. गणितानं अगदी बरोबर. प्रोग्रॅम चालवलाच नव्हता.

माझ्या बॅचमधल्या एकीनं चालवला. उत्तर आलं -२५२१६. टर्बो सीमध्ये ‘इंट’ १६ बिटांचा. ३२७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही, फिरून ऋण बाजूला जातो. हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक! तिनं मला स्क्रीन दाखवली, दिसलं तेच जर्नलमध्ये लिहिलं. सरांनी तिच्या उत्तराभोवती लाल गोल केला आणि माझ्या पानावर सही. मी गप्प बसलो.

कॉपीचं मला आजही फार वाटत नाही. नोकरीत दिवसभर दुसऱ्यांचा कोड उचलतो, त्याचाच पगार मिळतो. पण आउटपुट ही साक्ष असते : मशीन असं म्हणालं, मी पाहिलं. न पाहता दिलेली साक्ष गणितानं बरोबर असली, तर ती खरी होते का?

परवा टीमच्या ग्रुपवर ‘टेस्ट केलंय’ असं लिहिलं. केलं नव्हतं. सगळं नीट चाललं, कोणी विचारलंही नाही.