कोऱ्या पानाचा प्रामाणिकपणा

खोटे बोलू नये, असे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पण खरेच बोलायचे आणि तरीही समोरच्याला अंधारात ठेवायचे, याला काय म्हणावे? हा प्रश्न मला पुराणात नव्हे, संगणकात सापडला.

जावास्क्रिप्ट भाषेत संकेतस्थळ बांधताना पुष्कळजण ‘रिअ‍ॅक्ट’ नावाचा तयार सांगाडा वापरतात. फेसबुकने तो २०१३ साली सर्वांना खुला केला. काही बिघडले की यंत्र निरोप देते. नेहमीचा निरोप असा, की ‘अनडिफाइन्ड’चा, म्हणजे ज्याला काही किंमतच दिलेली नाही त्याचा, ‘मॅप’ हा गुण वाचता येत नाही. निरोप अक्षरशः खरा. पण तो ठेच लागली ती जागा सांगतो. दगड कोणी ठेवला ते सांगत नाही. बहुधा नावांची यादी दूरच्या संगणकाकडून येण्याआधीच पान मांडायला घेतलेले असते. मग शोधणाऱ्याने उलट पावलांनी जायचे: ही वस्तू येथे कोणी दिली, त्याला कोणी दिली? उपाय पुष्कळदा एवढाच, की खरी यादी येईपर्यंत तेथे रिकामी यादी ठेवावी. पाटी कोरी असणे आणि पाटीच नसणे, यांतला फरक पहिलीतल्या पोरालाही कळतो. प्रोग्रॅम लिहिणारा शहाणा मात्र तो विसरतो.

लोकांपर्यंत जाणाऱ्या पानातून हे लांब निरोप गाळून टाकतात. पूर्वी त्यांच्या जागी एकच ठोकळेबाज वाक्य असे. २०१६ पासून क्रमांक देऊ लागले. १३० क्रमांक आला, की पानावर मांडायचा घटक सापडलाच नाही, असे समजावे. याचा मला राग येत नाही. आमच्या वडवणीसारख्या गावात रेंज गेली की हलके पान हाच उपकार.

खरा पेच २०१७ सालचा. त्या वर्षीच्या सोळाव्या आवृत्तीत ठरले, की न सावरलेली चूक झाली तर सगळे पानच काढून घ्यायचे. पैसे देण्याच्या पानावर चुकीची रक्कम दिसण्यापेक्षा काहीच न दिसलेले बरे, हा त्यांचा युक्तिवाद. तो मला पटतो. मात्र शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आहे, आईबाप ऊसतोडीला निघालेले आहेत आणि मुलीपुढे एकदम कोरे पांढरे पान येते, तेव्हा? ती यंत्राला नव्हे, स्वतःलाच दोष देते. आपलेच बोट कुठेतरी चुकीचे पडले, असे तिला वाटते.

त्याच आवृत्तीत बांध घालण्याचीही सोय आली. शेताच्या बांधासारखी, एका वाफ्यातले फुटले तर दुसरा वाचतो. त्या बांधावर चार शब्दही लिहिता येतात. बरेचजण तेथे ‘काहीतरी चुकले’ एवढेच लिहून मोकळे होतात. वहीवर नुसती लाल फुली मारणारे मास्तर निराळे काय करतात? चूक तुझी नाही, भरलेली माहिती जपून ठेवली आहे, असे तेथे लिहावे. आणि ती जपलेली नसेल तर तेही स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी ती आधी सगळे वहीत उतरवून घेईल.