गुडघ्यातले ‘दिसणे’ : प्रत्यक्ष की अनुमान?

न्यायदर्शनात यथार्थ ज्ञानाच्या साधनाला ‘प्रमाण’ म्हणतात, आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे तेथे मानलेली आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढताना किंवा कबड्डीच्या पकडीत गुडघा पिरगळलेला तरुण गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयातून एमआरआय काढून आला, की अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा तंतुमय पट्टा, तुटलेला ‘दिसला’ असे सर्रास म्हटले जाते. हे दिसणे कोणत्या प्रमाणात बसते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे.

प्रत्यक्षासाठी इंद्रियाचा विषयाशी संनिकर्ष, म्हणजे संबंध, व्हावा लागतो. एमआरआयमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांकडून येणारे संकेत गणिताने काळ्या-पांढऱ्या छटांत मांडले जातात, आणि डोळ्याचा संबंध येतो तो त्या छटांशीच. नडगीला पुढे सरकू न देणारा एसीएल हा अस्थिबंध निरोगी असता सलग गडद पट्ट्याच्या रूपाने उमटतो. तो खंडित दिसला, तर फाटल्याचे अनुमान होते. कधी खूण आडवळणाची असते: नडगी पुढे निसटून तिची मागची, बाहेरची कड मांडीच्या हाडावर आदळते आणि दोन्ही हाडांत मुका मार उमटतो. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अशा अनुमानाला ‘शेषवत्’ म्हणतात. परंतु वाढत्या वयातील मुलांचे अस्थिबंध सैल असल्याने तसाच मार एसीएल शाबूत असतानाही आढळू शकतो. हेतू (खूण) आहे पण साध्य (जे सिद्ध करायचे ते) नाही, अशा या दोषाला नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणतात. म्हणूनच गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून पाहणारी लॅकमन चाचणी एमआरआयच्या फिल्मच्या जोडीला लागते.

अनुमान निर्दोष ठरले, तरी त्यातून कर्तव्य निष्पन्न होत नाही. एसीएल फाटलेल्या १२१ तरुणांवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात लगेच शस्त्रक्रिया झालेला गट आणि आधी व्यायामोपचार घेऊन गरजेनुसारच शस्त्रक्रिया करवणारा गट यांच्या प्रकृतीत दोन वर्षांनी लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिकांना तोवर शस्त्रक्रिया लागलीही नव्हती. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख कौल, म्हणजे देवीचा निर्णय, घेऊन ठरते, कारण तेथे प्रश्नच काय करावे हा असतो. फिल्म मात्र काय झाले आहे एवढेच सांगते. तिच्याकडे कौल मागणे ही प्रमाणाच्या क्षेत्राबद्दलची चूक होय, कारण गुडघा लचकतो का आणि त्यावर कोणते काम पेलायचे आहे, याचे ज्ञान त्या माणसाच्या शब्दातूनच मिळते.