शुद्ध अन्नाचें मोल कोणीं द्यावें?

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरीं जैविक तुरीची डाळ येऊं लागली. नेहमींच्या डाळीपेक्षां ती महाग पडते. पण प्राध्यापकाच्या पगारास तो भार जाणवत नाहीं. परवां एका स्नेह्यांनीं जेवतां जेवतां विचारलें, "या शेतीला सरकार साह्य करतें आणि डाळ खातां तुम्ही! काडीपेटीवरहि कर भरणाऱ्या मजुरानें तुमच्या ताटाचा खर्च कां सोसावा?" मला उत्तर सुचलें नाहीं. प्रश्न दिसावयास अर्थशास्त्राचा, परंतु मुळांत तो नीतीचा आहे.

आमचा वाशीम जिल्हा सोयाबीन व तूर पिकविणारा, आणि बव्हंशीं पावसावर विसंबलेला. २०१८ सालीं राज्य सरकारनें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेल्या सहा जिल्ह्यांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू केलें. वाशीम त्यांतील एक. पुढें त्याचा विस्तार सर्व राज्यभर झाला. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना तर २०१५ पासूनचीच. हें साह्य दान म्हणावें कीं आणखी कांहीं?

मालेगांव तालुक्यांत शेती करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें यावर प्रकाश पाडला. रासायनिक खत सोडल्यावर पहिल्या हंगामांत उतारा बहुधा घटतो. माल जैविक असल्याचें प्रमाणपत्र मिळावयास दोन-तीन वर्षें लागतात. तोंवर निष्ठेनें पिकविलेला दाणाहि साध्या भावानेंच विकावा लागतो. तो म्हणाला, "सर, जमीन तीन वर्षांत शुद्ध होईल, पण सोसायटीचें कर्ज तीन वर्षें थांबेल काय?"

कित्येक जण म्हणतात, जैविक शेतीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें. परंतु रासायनिक शेती तरी कोठें तशी उभी आहे? पंचेचाळीस किलो युरियाचें पोतें कर वगळून २४२ रुपयांस मिळतें, कारण उरलेली किंमत सरकार भरतें. २०२२-२३ मध्यें केंद्राचें खत-अनुदान अडीच लक्ष कोटी रुपयांच्या घरांत गेलें. म्हणून रासायनिक खतांस शिव्या द्याव्या असेंहि नव्हे. त्यांनीं देशाचीं कोठारें भरलीं आहेत. श्रीलंकेनें २०२१ मध्यें तीं एकाएकीं बंद केलीं; भाताचें पीक घसरलें आणि कांहीं महिन्यांतच माघार घ्यावी लागली. जमिनीला वेळ द्यावाच लागतो. वादाचा मुद्दा एवढाच, कीं त्या वेळेची किंमत कोणीं भरावी?

निरोगी माती व निर्मळ पाणी यांचा लाभ साऱ्या गांवाला होतो, आणि पुढच्या पिढीलाहि. तो लाभ निर्माण होईपर्यंतची झळ मात्र एकटा शेतकरी सोसतो. त्या काळांत त्याला दिलेलें साह्य म्हणजे समाजानें फेडलेलें ऋण होय. तें त्याच्या हातीं वेळेवर पडलें पाहिजे. परंतु तोच पैसा दुकानाच्या सजावटींत व आकर्षक वेष्टनांत खर्च झाला, तर तें सुखवस्तूंना दिलेलें दान ठरेल आणि स्नेह्यांचा आक्षेप खरा होईल. शिवाय मजुराच्या करांतून पिकलेल्या या धान्याचा एक वांटा त्याच्या मुलांच्या शाळेंतील खिचडींत पडावा, हेंहि न्यायाचेंच आहे.

स्नेह्यांना द्यावयाचें उत्तर आतां मला सांपडलें आहे; पण त्यांतील अर्धा भाग माझ्याच विरुद्ध जातो. शेतीला साह्य हवें, मला नको. डाळीची पुरी किंमत मीं कुरकुर न करितां द्यावी, एवढेंच माझ्याकडे उरतें.