येणे सोडावे, देणे सोडू नये

नांदेड-लातूर भागात कीर्तनाच्या निमित्ताने आमचे हिंडणे असते. कीर्तन आटोपून निवांत बसले की व्यापारी मंडळींपैकी कोणी ना कोणी हळूच विचारतो, "महाराज, तुकोबारायांचेही दिवाळे निघाले होते ना? त्यांनी खते बुडवली आणि मोकळे झाले. मग आम्हीही हे सगळे टाकून पंढरीला जाऊन राहिलो तर काय बिघडले?" प्रश्न भक्तीचा दिसतो, पण तो आलेला असतो मोंढ्यातून. त्याचे उत्तर घाईने देणे बरे नव्हे. त्या उत्तरावर एखाद्या घराचे राहणे-मोडणे अवलंबून असते.

मोंढ्यातला लहान आडत्या कसा बुडतो हे आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. हंगामाआधी शेतकऱ्याला उचल द्यायची, माल आला की डाळमिलला उधारीवर घालायचा, आणि मिलचे पैसे आले म्हणजे शेतकऱ्याची पट्टी चुकती करायची. या साखळीतली एक कडी निसटली की सगळेच ढासळते. 2015 साली तुरीचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्याच हंगामात पीक उदंड आले आणि 5,050 रुपये हमीभाव असताना बाजारात त्याच्याही खाली तूर विकली गेली. चढ्या भावात ज्याने माल भरून ठेवला, त्याचे भांडवल कोठारातच आटले. मग तो खाजगीत, दरमहा शेकड्याच्या व्याजाने पैसा उचलतो. येथून पुढची कथा घरात घडते.

ती कशी घडते पाहा. प्रथम त्या माणसाचे घरातले बोलणे कमी होते. दुकानाची वही घरी येईनाशी होते. बायकोला खरी गोष्ट कळते ती दिवाणजीकडून किंवा शेजारणीकडून. भावाला कळते ती दारात आलेल्या सावकाराकडून. मग एके रात्री दुकानाला कुलूप लागते आणि गृहस्थ पुण्याला किंवा हैदराबादेला निघून जातो. बायको माहेरी, मुले मामाकडे, आणि म्हातारे आईबाप येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तरे देत ओसरीवर. कर्जाने घर फुटले असे लोक म्हणतात. आमच्या मते ते आधी लपवाछपवीने फुटते. कर्ज नुसते निमित्त होते. रुपयाची तूट चारचौघांत बसून भरून काढता येते, पण न सांगता निघून गेलेल्या माणसाची तूट कोणी भरून काढायची?

आता तुकोबारायांकडे वळू. वडील गेले, वडीलबंधू सावजी पत्नीच्या निधनानंतर विरक्त होऊन घराबाहेर पडले, आणि महाजनकी-सावकारीचा भार तरुण वयातच तुकोबांवर आला. त्यातच 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. धन गेले, पत गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेले. पुढे इंद्रायणीत खते बुडवण्याचा प्रसंग आला. ही खते कसली होती? ती लोकांकडून *येणे* असलेल्या पैशांची होती. तुकोबांना दुसऱ्याचे जे *देणे* होते, ते त्यांनी पाण्यात टाकले असे चरित्रात कोठे नाही! आणि त्या खतांतही धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा होता. कान्होबांना प्रपंच चालवायचा होता. तेव्हा त्यांचा वाटा त्यांच्या हाती देऊन तुकोबांनी फक्त आपली निम्मी खते बुडवली. दुसऱ्याच्या वाट्यावर त्यांनी आपले वैराग्य चालवले नाही. वाटणी झाली, पण मने वाटली गेली नाहीत. तुकोबांच्या मागे कान्होबांनी शोकाचे अभंग रचले, एवढे सांगितले तरी पुरे.

येथे कोणी शंका घेईल. महिपतीबोवांनी असेही सांगितले आहे की, जिजाईने आपल्या नावावर कर्ज काढून तुकोबांना भांडवल दिले, आणि परत येताना कर्जापायी गांजलेल्या एका ब्राह्मणाला त्यांनी ते देऊन टाकले. मग त्या कर्जाचे काय? शंका खरी आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. कीर्तनात जिजाईचा त्रागा रंगवून लोकांना हसवण्याची चाल पडली आहे. आम्हाला ती पसंत नाही. त्या माउलीच्या नावावर खत होते, घरात भुकेली मुले होती. तिचे बोलणे हा घराचा हिशेब होता. संतांचे औदार्य वंदावे, पण ज्याच्यापाशी त्यांचे वैराग्य नाही त्याने बायकोच्या नावावरचा पैसा उधळून त्यांचे नाव पुढे करू नये.

या बाबतीत धर्मशास्त्र काय म्हणते? याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरांनी चालुक्यांच्या कल्याणनगरीत लिहिली. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या निलंग्याहून काही फार दूर नव्हे. त्या स्मृतीचा निर्णय असा : बाप परागंदा झाला, वारला किंवा संकटात बुडाला, तर त्याचे ऋण मुला-नातवांनी फेडावे, मात्र दारू, जुगार, विषयभोग यांसाठी केलेले ऋण मुलावर येत नाही. नवऱ्याचे ऋण बायकोवर नाही, बायकोचे नवऱ्यावर नाही. कुटुंबासाठी काढलेले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे जिजाईचे ते कर्ज घरासाठीच होते, आणि ते सबंध घराचे होते. आजचा कायदा मुलाच्या बाबतीत एक पाऊल पुढे गेला आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाला कोर्टात खेचता येत नाही. चांगले झाले. कोवळ्या पोराच्या मानेवर बापाचे जू नको. पण कायद्याने मुलगा सुटला म्हणून बाप सुटला असे नव्हे.

तेव्हा त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. खते बुडवण्याची कथा ऋणकोसाठी नाही, ती धनकोसाठी आहे. गळ्यात तुळशीची माळ आणि पेटीत गरिबाचे खत, अशा आपल्यातल्याच काही भाविकांनी ती आधी ऐकावी. व्याज मुद्दलाहून वाढू नये हा दामदुपटीचा नियम आपल्या स्मृतींचाच आहे. 2014 च्या कायद्याने तर विनापरवाना सावकारी गुन्हा ठरवली असून सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याचीही सोय केली आहे. सगळे खत बुडवणे जमत नसेल तर निदान व्याज सोडा, मुदत द्या. दारात उभे राहून लेकराबाळांदेखत माणसाचा पाणउतारा तरी करू नका. कित्येक घरे तेवढ्यानेच वाचतील.

आणि जो बुडाला आहे त्याने पळू नये. वही घरात आणावी, बायको-भावांसमोर उघडावी, पै-पैचा आकडा सांगावा. देणेकऱ्यांना एकत्र बसवावे. अगदीच निभत नसेल तर नादारीचा अर्ज जिल्हा न्यायालयात करता येतो, त्यात पाप नाही. वेगळे राहण्याची पाळी आलीच तर सांगून, ठरवून, पत्ता देऊन वेगळे व्हावे. महिन्याला चार पैसे आणि एक निरोप घरी येत राहावा. आषाढीला अवश्य यावे, पण दिंडीच्या गर्दीत तोंड लपवायला येऊ नये. विठोबा विटेवर उभा आहे तो आईबापांची सेवा न सोडणाऱ्या पुंडलिकासाठी. घर टाकून आलेल्याला तो घराचाच रस्ता दाखवील. इत्यलम्.